काउंटरवर जिवंत, गाडीत गप्प

नळमास्तरांनी दोन्ही सेन्सर पार्टवाल्याच्या काउंटरवर ठेवले ते असे, की जणू शेजाऱ्याचं वाह्यात कार्टं कान धरून त्याच्या बापापुढे उभं केलंय.

"हे घे. दोन्ही मुके."

पार्टवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. गाड्यांचे सुटे भाग विकता विकता त्याचे केस गेले होते, आणि 'वस्तूच खराब निघाली' हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते ऐकलं की त्याला जांभई यायची. ती त्याने आधी देऊन घेतली. मग ड्रॉवरमधून मीटर काढलं, एक वायर सेन्सरच्या टोकाला लावली, दुसरी त्याच्या धातूच्या अंगाला, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने शेजारी टकटक केलं. काटा उडाला. पुन्हा टकटक, पुन्हा उडाला. दुसऱ्या सेन्सरचंही तेच.

"मास्तर, मला घरी तीनदा सांगितलेलं ऐकू येत नाही. याला टिचकीसुद्धा ऐकू येते. मुका कसला?"

"गाडीत नाही बोलत."

"मग गाडीला विचार."

मास्तर काट्याकडे बघत राहिले. काटा उडाला हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हेच सेन्सर गाडीत बसवल्यावर डॅशबोर्डवरचं पिवळं चित्र पुन्हा पेटलं, हेही त्याच डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

गाडी त्यांची नव्हती. थोरल्या भावाची होती, आणि भाऊ जाऊन चार वर्षं झाल्यामुळे आता वहिनींची. मास्तरांचं लग्न राहून गेलेलं. घरात खाली ते, वर वहिनी, जेवायचं टेबल एक. गाडीला एकोणीस वर्षं झालेली. भावाने ऐटीत घेतली होती, वहिनींनी जपून चालवली होती. गेल्या महिन्यात तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं आणि अंगातलं बळच गेलं. सपाट रस्त्यावर निमूट चालायची, चढ दिसला की पाय ओढायची.

नेमका चढच महत्त्वाचा होता. टेकडीवरच्या निवासी शाळेत वहिनींना भांडार सांभाळायची नोकरी मिळत होती. राहायला दोन खोल्या, ताब्यात सगळं कोठार. वहिनींनी एका दवाखान्याच्या कपड्यांच्या कोठीत बावीस वर्षं काढली होती. धुवायला चादरी किती गेल्या, परत किती आल्या, कुठली उशीची खोळ कुठल्या मजल्यावर अडकली, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्त झाल्यापासून घरातले चमचे मोजून मोजून त्या कंटाळल्या होत्या. शाळेची अट एकच होती: वर बस जात नाही, आठवड्यातून दोनदा बाजारातून सामान न्यायचं, तेव्हा स्वतःची चालती गाडी हवी. येत्या रविवारी दुपारी गाडी घेऊन वर यायचं. गाडी वर पोचली तर कागदावर सही, नाहीतर यादीतला पुढचा माणूस.

वहिनी एकदा चढून बघायला गेल्या होत्या. तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली आणि मागे नऊ वाहनं खोळंबली. त्यातल्या कुणी किती वेळा हॉर्न वाजवला, तेही वहिनींनी घरी येऊन सांगितलं.

गॅरेजवाल्याने पंधरा दिवसांनंतरचा वार दिला. त्या दिवशी जेवताना मास्तर म्हणाले, "वहिनी, गाडी माझ्यावर सोडा."

तीस वर्षं नळ जोडणाऱ्या माणसाने असं कशाच्या जिवावर म्हणावं? तर मास्तरांच्या मते इंजिन म्हणजे शेवटी पाइपच. पाणी फिरतं, तेल फिरतं, हवा आत जाते, धूर बाहेर येतो. जोड कुठे सुटला तेवढं हुडकायचं. शिवाय त्यांना एक गोष्ट कधीच जमली नव्हती: एखादं काम आपलं नाही असं म्हणणं.

पार्टवाल्याने गाडीला यंत्र जोडून कोड वाचला आणि मास्तरांना समजेल असं सांगितलं होतं. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटलं की आत ठोका पडतो. तो ठोका ऐकायला इंजिनाच्या अंगात दोन कान बसवलेले असतात, ते नॉक सेन्सर. कान बहिरे झाले की गाडीतल्या संगणकाला वाटतं, आता आपल्याला काहीच कळणार नाही. आणि सावध कारकुनासारखा तो सगळ्यांचे हात बांधून ठेवतो. गाडी सुरक्षित राहते, पण पळत नाही.

"कान बदल. पण ते अगदी तळाशी आहेत बरं का. वरचा मॅनिफोल्ड उचलावा लागेल."

मॅनिफोल्ड म्हटल्यावर मास्तरांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. एका पाइपाचे अनेक करणाऱ्या जोडाला त्यांच्या धंद्यातही तेच नाव होतं.

पहिल्या शनिवारी त्यांनी अंगणात गाडी उघडली. एकेक बोल्ट काढून जिथला तिथे पुठ्ठ्यावर भोक पाडून खोचला. मॅनिफोल्ड उचलला तर सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या खोलगटात पाण्याच्या जुन्या रेघा दिसल्या, आणि त्यात गंजून तपकिरी झालेले दोन सेन्सर. मास्तरांचा चेहरा उजळला. पाणी शिरलं, म्हणून गंजले. आता हा आजार तर त्यांच्या घरचाच होता.

नवे सेन्सर त्यांनी त्यांच्या रीतीने बसवले. आट्यांवर पांढऱ्या टेपचे आठ वेढे, उजव्या हाताने, ताणून. वर सेन्सरच्या खांद्याखाली लाल फायबरचा वॉशर, म्हणजे चकती. मग पाना, आणि पान्यावर पूर्ण वजन. तीस वर्षांत मास्तरांचा एकही जोड ठिबकला नव्हता. पार्टवाल्याच्या दुकानातला नळही त्यांनीच बसवलेला, बारा वर्षं कोरडा ठक्क. इथेही आता पाण्याचा थेंब शिरायची बिशाद नव्हती.

गाडी सुरू केली. चौकापर्यंत नेली. चौकातच पिवळं चित्र लागलं.

त्यावर त्यांनी सगळं पुन्हा उघडलं, सेन्सर काढले, टेप सोलली, वॉशर काढला, आटे जुन्या दातब्रशने घासले, सेन्सर स्वच्छ फडक्यात गुंडाळले. दुसऱ्याची वस्तू मळक्या अंगाने परत न्यायची नाही, ही त्यांची शिस्त. मग सोमवारी सकाळी पार्टवाल्याच्या काउंटरवर काटा उडाला, आणि मास्तर तिथे उभे होते ते असे, अंगात शिस्त आणि डोक्यात गोंधळ घेऊन.

"वायर असेल," पार्टवाला म्हणाला. "कान चांगला, पण कानापासून मेंदूपर्यंतची शीर तुटलेली. एकच वायर आहे, बदलून टाक."

मास्तरांनी मंगळवारी वायर बदलली. सेन्सर तेच, आठ वेढे, वॉशर, पूर्ण वजन. या वेळी गाडी चौकाच्या पुढे पोस्टापर्यंत गेली, म्हणून मास्तरांना क्षणभर बरं वाटलं. पोस्टासमोर चित्र लागलं.

बुधवारी पुन्हा काउंटर. पार्टवाल्याने सेन्सर तपासले. जिवंत. वायरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावून तपासलं. अखंड. आता पार्टवाल्यानेही जांभई दिली नाही.

"मग संगणकच गेला असेल."

"तो मिळेल?"

"एकोणीस वर्षांच्या गाडीचा? मिळेल. महिनाभरात कुठून तरी मिळेल."

"रविवारी लागणार आहे."

"मास्तर," पार्टवाला चष्मा वर सारत म्हणाला, "काउंटरवर बोलतो, गाडीत गप्प बसतो. असा माणूस मी पाहिलाय. बाहेर बडबड्या आणि घरात मौन. पण लोखंडात हा स्वभाव पहिल्यांदा बघतोय."

त्या संध्याकाळी जेवताना मास्तरांना भाजीत मीठ आहे की नाही तेही कळलं नाही. वहिनींनी ताट बाजूला सारलं.

"भाऊजी, एक विचारते. रागवायचं नाही."

"विचारा."

"मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतंय का?"

मास्तरांचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"तसं नाही हो. असं का..."

"मी आज पार्टवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, सेन्सर ठणठणीत. वायर ठणठणीत. मग माझ्या हिशेबाने उरता तुम्ही."

"संगणक राहिला ना."

"संगणक तो अंदाजाने म्हणाला, त्याचं त्यालाही खरं वाटत नव्हतं. तुमचं मात्र मी मोजलंय. वर थंडी फार असते, हे तुम्ही या पंधरवड्यात तीन वेळा बोललात. एकटं राहणं सोपं नाही, दोनदा. इथे काय कमी आहे, हे काल भांडी घासताना. आणि प्रत्येक वेळी गाडी दुरुस्त झाल्यावर पुन्हा बंद पडतेय."

वहिनींच्या बोलण्यात राग नव्हता. चादरी कमी भरल्यावर धोब्याशी बोलावं तशा त्या बोलत होत्या, आणि मास्तरांना तेच जड गेलं. त्यांनी स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. मी मुद्दाम केलं का? नाही. एकेक बोल्ट मन लावून आवळला होता. मग वहिनी जाणार म्हणून बरं वाटतंय का? तर तेही नाही. पहिल्या प्रश्नाला नाही आणि दुसऱ्यालाही नाही, अशा वेळी माणूस नक्की कुठल्या बाजूचा असतो, हे त्यांना कळेना. इंजिनापेक्षा हे कठीण होतं. इथे कोड वाचायला यंत्रही नव्हतं.

"उद्या पुन्हा बसवतो," एवढंच ते म्हणाले.

"बसवा. पण मी शेजारी बसून बघणार. अगदी पहिल्यापासून."

गुरुवारी सकाळी वहिनी अंगणात स्टूल टाकून बसल्या. मास्तरांना हे पहारेकऱ्यासारखं वाटत होतं आणि ते तसंच होतं. मॅनिफोल्ड आता इतक्यांदा उचलला होता की बोल्ट बोटांनी फिरायला लागले होते. मास्तर प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत होते, कोर्टात उभं केल्यासारखे.

"हा सेन्सर. तुमच्या पार्टवाल्याने पास केलेला."

"दिसतोय."

"हे भोक. पुसून घेतलं."

"हं."

मास्तरांनी खिशातून टेपचं चाक काढलं आणि पहिला वेढा टाकला. टाकता टाकता त्यांची जीभ चालू होतीच. "ही वायर वरून अशी येणार, हा चाप असा..."

"हे पांढरं काय आहे?"

"टेप."

"ते कळलं. कशाला?"

"कशाला म्हणजे?" मास्तरांना प्रश्नच विचित्र वाटला. जेवण्याआधी हात कशाला धुता, असं कुणी विचारावं तसा. "पाणी जाऊ नये म्हणून."

"मागच्या दोन्ही वेळी लावली होती?"

"वहिनी, मी टेप न लावता आजवर काही बसवलंय का?"

"आणि ही लाल चकती?"

"वॉशर. तोही दोन्ही वेळी."

वहिनींनी हाताची बोटं जुळवली. कोठीत त्या अशाच बसायच्या, पाठवलेल्यांची यादी एका मांडीवर आणि आलेल्यांची दुसऱ्या मांडीवर ठेवून.

"दुकानात त्याने टकटक करून बघितलं, तेव्हा टेप होती?"

"छे. घासून पुसून नेले होते. मळके कसे नेणार?"

"आणि वॉशर?"

"तोही काढून."

"म्हणजे भाऊजी, दुकानात सेन्सर, मीटर, टकटक. गाडीत सेन्सर, वायर, टेप, वॉशर. दुकानात बोलतो, गाडीत नाही. दोन्हीकडे काय वेगळं आहे? मला गाडीतलं काही कळत नाही. मी फक्त दोन याद्या बघतेय."

मास्तर हसले. टेपने काय होणार? टेप म्हणजे काळजी. टेपने आजवर कुणाचं वाईट झालंय? पण हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच घुटमळलं, कारण वहिनी हसत नव्हत्या. त्या फोन लावत होत्या.

"हं, मीच बोलतेय. एक विचारायचं होतं. सेन्सरच्या आट्यांना पांढरी टेप आठ वेढे आणि खाली फायबरचा वॉशर लावला तर चालतं का?"

पार्टवाल्याचा आवाज इतका स्पष्ट आला की फोन कानाशी धरायची गरज नव्हती.

"कोण म्हणतंय असं? मास्तर? त्याने टेप लावली? सेन्सरला?"

"दोन्ही वेळा."

"अहो वहिनी, त्याला वायर एकच आहे. एक वायर जाते, आणि परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातून. आटा लोखंडाला उघडा टेकला तरच तो बोलणार. याने त्याला रबराचे बूट, मोजे, सगळं घालून बसवलंय. आणि मी खुळ्यासारखा काउंटरवर टकटक करत बसलोय. आणा त्याला फोनवर."

मास्तरांनी फोन घेतला.

"मला वाटलं पाणी शिरेल," ते हळूच म्हणाले.

"पाणी वरून शिरतं रे. ते वरच्या रबरी टोपणाने थांबतं, नवं टोपण पिशवीत दिलं होतं. बघितलंस?"

पिशवीच्या तळाशी दोन काळी टोपणं होती. मास्तरांनी त्यांना आवरणातली भर समजून सोडून दिलं होतं.

"आणि आवळलास किती?"

"आवळतो तसाच."

"म्हणजे नशीब, अजून मेला नाही. थांब, मी टॉर्क पाना पाठवत नाही, स्वतःच घेऊन येतो. तुझ्या हातावर आता माझा विश्वास नाही."

फोन बंद झाला. मास्तर हातातल्या टेपकडे बघत होते. चोरी केली असती तर निदान चोरी केली असं वाटलं असतं. इथे तर काळजी केली आणि तीच गुन्हा निघाली. तीस वर्षं जे केलं ते बरोबर होतं, आणि तेच इथे चूक होतं, आणि हात मात्र दोन्हीकडे एकच. हे कुठे मांडायचं, त्यांना उमगेना.

वहिनी स्टुलावरून उठल्या. त्यांचा चेहरा सैल झाला होता. बऱ्याच दिवसांनी.

"मला वाटलं होतं डाव आहे," त्या म्हणाल्या. "हा तर निव्वळ बावळटपणा निघाला."

"हो ना."

"भाऊजी, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू."

पार्टवाला आला तो हसतच आला आणि हसतच राहिला. काम मात्र त्याने मास्तरांकडूनच, पण स्वतःच्या नजरेखाली करून घेतलं. आटे कोरडे, उघडे. ठरलेला ताण आला की टॉर्क पाना हलकासा 'टक' म्हणतो, तिथेच थांबायचं. मास्तरांना तो 'टक' फार लवकर वाटला. त्यांचा हात शिवशिवत होता, अजून पाव फेरा, फक्त पाव. पार्टवाल्याने पाना त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पाठीमागे धरला.

संध्याकाळी गाडी चौकापर्यंत गेली, पोस्टापर्यंत गेली, कालव्याच्या पुलावरून वळून परत आली. पिवळं चित्र लागलं नाही. शुक्रवारी लागलं नाही. शनिवारी वहिनींनी दोन बॅगा भरल्या.

रविवारी वहिनी चालवत होत्या, मास्तर शेजारी. पायाशी त्यांनी पान्यांची पेटी ठेवली होती. वहिनींनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि गिअर टाकला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मास्तरांनी दाराच्या वरची मूठ पकडली, आणि गाडीने वळण असं घेतलं की जणू तिला मागचं काही आठवतच नव्हतं. इंजिनाचा आवाज भरला, घोगरा झाला, आणि चढ मागे पडत गेला. वहिनींच्या ओठांचे कोपरे वर गेले. मास्तरांनाही आनंद झाला, असं त्यांना वाटलं. तो आनंद होता की पोटात गाडीचा झोका बसला होता, हे त्यांनी तेव्हा तपासलं नाही.

वर शाळेच्या बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला चपलेने टोचून पाहिलं आणि सहीचा कागद पुढे केला. वहिनींनी आधी कोठार बघितलं. दारातूनच म्हणाल्या, "साबणाची खोकी उलटी रचलीत," आणि मग सही केली. बॅगा दोन खोल्यांत गेल्या.

तेव्हा कुठे मास्तरांच्या लक्षात आलं की गाडी आता इथेच राहणार, वर बस येत नाही, आणि आपण खाली कसं जायचं याचा विचार घरातल्या दोघांपैकी एकानेही केलेला नाही. वहिनींच्या हातून असं सुटलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"मी चालत जातो. उतारच आहे."

"पेटी घेऊन? बसा गाडीत, मी सोडते."

"मग तुम्हाला पुन्हा चढावं लागेल."

"चढावंच लागणार आहे, आठवड्यातून दोनदा. आज तुम्ही नसताना चढून बघते."

पायथ्याशी, जिथून बसचा रस्ता लागतो, तिथे मास्तर उतरले. वहिनींनी गाडी वळवली. काच खाली करून म्हणाल्या, "वरच्या मजल्याची खिडकी रोज उघडत जा. आणि थंडीचं म्हणाल तर, स्वेटर घेतलाय." मग गेल्या.

मास्तर पेटी रस्त्याच्या कडेला ठेवून उभे राहिले. झाडांमुळे गाडी दिसत नव्हती, फक्त आवाज येत होता. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यापाशी आवाज एकदम बारीक झाला आणि मास्तरांचा हात आपोआप पेटीच्या मुठीवर गेला. थांबली असती तर ते धावत चढले असते, आणि त्या धावण्यात त्यांना वाईट वाटलं असतं की बरं, हे त्यांना त्या क्षणी खरोखर सांगता आलं नसतं. आवाज पुन्हा भरला. चौथं. पाचवं. मग नुसता वारा.

त्यांनी आणखी थोडा वेळ कान दिला, न जाणो. मग बस आली, आणि कंडक्टरने "कुठे जायचंय?" असं विचारल्यावर त्यांनी आधी वर टेकडीकडे पाहिलं, आणि मग घराजवळच्या थांब्याचं तिकीट मागितलं.